दुधाचा कूलर आणि माहेरची विहीर

किती गेले?

महिन्यातून एकदा तरी फोन येतोच. मिरजेच्या दवाखान्यात ओळख झालेलं कुणीतरी असतं, नाहीतर त्यांनी नंबर दिलेलं कुणीतरी. आधी तब्येत विचारतात, मग यंदा द्राक्षांना दर काय मिळाला ते विचारतात, आणि मग हळूच मुद्द्यावर येतात. "ताई, घरीच गार पाण्यात बसायची सोय केलीय म्हणे तुम्ही. एकूण किती गेले?"

आधी मी आकडा सांगून मोकळी व्हायची. आता नाही सांगत. आकडा ऐकून माणूस एक तर खचतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुकान गाठतो, आणि दोन्ही चूकच. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मी डॉक्टर नाही. तासगावजवळच्या खेड्यातल्या द्राक्षबागायतदाराची बायको आहे, बारावी सायन्स नापास. माझं वाचून कुणी गोळ्या बदलू नका आणि पाण्यात तर मुळीच उतरू नका. आपल्या डॉक्टरांना विचारा.

वात

पहिल्यांदा हातातून कप सुटला. मग ताट, मग एकदा दुधाचं भरलेलं पातेलं. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. त्या म्हणाल्या, "ध्यान कुठं असतंय गं तुजं?" मलाही तसंच वाटलं. ध्यान नसेल.

मार्चमध्ये बेदाण्याच्या शेडवर बायका माल निवडत होत्या. मी चहा घेऊन गेले. बायका एकदम हसायला लागल्या. मला कळेना काय झालं. एकजण म्हणाली, "वैनी, चप्पल कुठं टाकून आलाय?" मागं बघते तर डाव्या पायातली चप्पल दहा पावलं मागं पडलेली, आणि माझा पाय तापलेल्या मातीत उघडा. पायाला पत्ताच नव्हता. मीही त्यांच्याबरोबर हसले. मग मागं जाऊन, खाली बघत, चप्पल पायात घातली.

आत्तींनी निदान केलं, वात. त्यांच्या आईलाही असंच झालेलं म्हणे. रोज संध्याकाळी चुलीवर मोठं पातेलं चढायचं, निर्गुडीचा पाला उकळायचा, आणि न्हाणीत मला पाटावर बसवून आत्ती स्वतः पायांवर ते पाणी ओतायच्या. ओतायच्या आधी कोपर बुडवून बघायच्या, लहान बाळाला घालतात तसं. मायेनंच करत होत्या, त्यात शंका नाही.

पण अंघोळ झाली की मी जास्तच गळायची. डाव्या डोळ्यापुढं साय धरायची. "वात मुरलाय, उलीसं कडक पायजे," असं म्हणून आत्ती दुसऱ्या दिवशी पाणी आणखी तापवायच्या. आठ दिवस हे चाललं. नवव्या दिवशी मी पाटावरून उठलेच नाही. पाय होते, पण माझे नव्हते. आत्तींनी मारलेली हाक अख्ख्या गल्लीनं ऐकली.

मिरज

मिरजेत तपासण्या झाल्या. त्या मोठ्या धडधडणाऱ्या मशीनमध्ये मी पाऊण तास पडून होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गरम पाण्यानं अंघोळ केली की त्रास वाढतो का?"

आत्तींचा चेहरा उतरला. 

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. सगळे एमएस म्हणतात. आमचे मालक (नवऱ्याला मी मालकच म्हणते, लाडानंही आणि रागानंही) बाईंना म्हणाले, "मॅडम, आमाला आमच्या भाषेत सांगा." बाई म्हणाल्या, "मोटारीच्या वायरीवरचं प्लास्टिक उंदरानं कुरतडलं तर काय होतं?" मालक म्हणाले, "मोटार कवा चालती, कवा बंद पडती." बाई म्हणाल्या, "तसंच. आणि उन्हानं वायर तापली की जास्तच."

"मग बरं कवा हुईल?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तेवढ्यानंच मला कळलं. त्या खोटं बोलल्या नाहीत, यासाठी मी आजही त्यांना दुवा देते. औषधांनी पुढचं थोपवता येतं, बरीच माणसं वर्षानुवर्षं चालती-फिरती राहतात, पण कुणाचं कसं होईल ते आज सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. मालकांनी तिथल्या तिथं हिशेब मांडला, "म्हंजे पुढच्या छाटणीपर्यंत तरी..." आणि मध्येच थांबले. त्या दिवशी मी रडले नाही. राग आला. कुणाचा, ते मात्र ठरवता येईना.

ओला पदर

पाच दिवस सलाइनमधून औषध चाललं. सकाळी सहाला सिस्टर साखर बघायला बोट टोचायची. तोंडात दिवसभर लोखंड चघळल्यासारखी चव. घरून डबा यायचा तो एसटीनं. आत्ती पहाटे भाकरी थापून तासगावच्या स्टँडवर ड्रायव्हरकडे डबा द्यायच्या, आणि मालक मिरजेला उतरवून घ्यायचे. रोज वेगळा ड्रायव्हर, पण एकानंही डबा चुकवला नाही. एकानं तर विचारलं, "पेशंट कशी हाय?" नाव माहीत नाही त्याचं. त्याचं भलं होवो.

शेजारच्या खाटेवर जतकडच्या एक मावशी होत्या. सगळं आयुष्य मेंढरांमागं उन्हात गेलेलं. एका दुपारी वीज गेली, पंखा थांबला, आणि मला पुन्हा डोळ्यापुढं साय धरायला लागली. मी घाबरून ओरडले. मावशी उठल्या, लुगड्याचा पदर तांब्यात बुडवला आणि माझ्या मानेवर, कपाळावर ठेवला. "गप पड बाई. तापलीयास नुसती. मेंढरू तापलं तर आमी पाण्यातच घालतो की."

दहा मिनिटांत समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसायला लागलं. आधी तारखा, मग तारखांखालची बारीक अक्षरंसुद्धा. बाईंना सांगितलं तर त्या हसल्या. "तुमच्या मावशी बरोबर आहेत. थंडाव्यानं आजार जात नाही, पण तासभर वायर नीट चालते."

तासभर! निरोगी माणसाला त्या शब्दाची किंमत कळायची नाही.

त्यानंतर मी डोळे मिटून एकच काम करायची. आण्णांच्या विहिरीत उतरायची. आण्णा म्हणजे माझे वडील. कडेगावजवळ माहेर आहे, आणि उसाच्या कडेला आमची दगडी विहीर. एकोणतीस पायऱ्या. सातव्या पायरीला ऊन संपतं. विसाव्या पायरीला शेवाळाचा वास येतो. मग पाणी, हिरवं आणि गार. मी सात वर्षांची असताना आण्णांनी पाठीवर तरंगायला सुका भोपळा आणि कमरेला बैलाचा कासरा, म्हणजे दोर, बांधून मला त्यात ढकललं होतं. आमच्याकडं रीत अशी, की शिकवणाऱ्यानं कासरा धरून ठेवायचा आणि पोरानं स्वतः तोंडानं 'सोड' म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. चुलत्यांची पोरं तिसऱ्या दिवशी म्हणाली. मी भित्री, मला सात दिवस लागले. आण्णांनी एकदाही विचारलं नाही, सोडू का म्हणून.

लग्नानंतर ते पाणी सुटलं. सासरी बोअर आहे आणि प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं. त्यात पाय घसरला की माणूस वर येत नाही, म्हणून त्याला आम्ही तारेचं कुंपण घातलंय. मला विहीर हवी होती. खाटेवर पडून मी त्या पाण्यासाठी झुरत होते. असं कुणी पाण्यासाठी झुरतं का, असं कुणाला वाटलं तर वाटो.

आणि आरोही फोनवर म्हणत होती, "आई, सुट्टीत आण्णांच्या विहिरीत पवायला शिकवणार होतीस." नऊ वर्षांची माझी लेक.

"शिकवीन की."

"तूच धरायचा कासरा. बाबांना पवायला येत नाही."

त्या मे महिन्यात मी काठी धरून न्हाणीपर्यंत जात होते. कासरा कुठला धरतेय! शब्द पुढच्या सुट्टीवर गेला. मनात मात्र रोज एकच, पुढच्या सुट्टीत तरी हात राहतील का?

चार डिग्री

वर्षभर औषध लागू पडलं. काठी सुटली. पण थंडी सरली आणि ऊन चढायला लागलं तशी मी पुन्हा दुपारी बारानंतर अंथरुणाला खिळले. ओलं फडकं पुरेना. बाईंनी गार पाण्यात बसायला सांगितलं होतं, पण आमच्या वरच्या टाकीचं पाणी दुपारी चहाला चालेल असं.

मालकांनी मोबाईलवर शोधलं. गार पाण्यात बसायचे तयार टब मिळतात, मशीनसकट. खेळाडू वापरतात म्हणे. किंमत ऐकून आत्ती म्हणाल्या, "तेवढ्यात दोन म्हशी येत्यात." दीड लाखाच्या पुढं होती. मग आम्ही निळं प्लास्टिकचं पिंप आडवं कापलं, आठशे रुपयांत. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायची, ती वाटेतच अर्धी व्हायची. लादी, पेट्रोल आणि आणणाऱ्याचा अर्धा दिवस, आठवड्यातच हिशेब हाताबाहेर गेला.

आणि मग एक दिवस मालक टेम्पोत दुधाचा कूलर घालून आले. शेजारच्या गावातलं दूध संकलन केंद्र बंद पडलेलं. तिथली स्टीलची टाकी, पाचशे लिटरची, खाली कॉम्प्रेसर. चाळीस हजारांना आणली, नऊ हजार दुरुस्तीला, सहा हजार ओटा, पायऱ्या आणि धरायच्या पाइपला, चार हजार वायरिंगला. बागेत फवारायला नवीन ब्लोअर घ्यायचे म्हणून ठेवलेले पैसे होते ते. मी भांडले. "जुन्या ब्लोअरचा पंखा तुटलाय, आणि तुमी माझ्यासाठी डबडं घेऊन आलाय!" ते म्हणाले, "बाग एक वर्स दम काढंल."

तीनदा सोड्यानं धुतला तरी त्याचा दुधाचा वास जाईना. गल्लीतली मांजरं ओट्यावर येऊन बसायची.

आता आमची चूक. मशीनवर आकडा लावायची सोय होती, तो आधीच चारवर होता. मालकांनी चारवरच ठेवला. लहानपणापासून डेअरीत जाणारा माणूस, त्याला कूलर म्हटलं की चारच माहीत. "दूध चारला टिकतंय, मग माणूस टिकंलच की!" मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू? जितकं गार तितकं बरं, असंच वाटलं.

पाइप धरून उतरले आणि श्वासच अडकला. ओरडायला तोंड उघडलं, आवाज निघेना. मांड्यांपासून पाय ताठ झाले, काठीसारखे, गुडघा वळेना. मालकांनी एका काखेत हात घातला, आत्तींनी दुसऱ्या. बाहेर काढून मला उन्हातच घोंगडीवर टाकलं. आत्ती माझे पाय चोळत होत्या आणि मोठमोठ्यानं रडत होत्या. "मी उकडून काडली, आन् ह्यानं गोठवून काडली! पोरगी हाय का काय हाय रं!"

वर्षभर त्यांनी पोटात ठेवलेलं ते होतं. मी तशीच कुडकुडत त्यांच्या गळ्यात पडले. म्हणाले, "आत्ती, तुमचा काय दोष? वातच वाटला मलाबी." मग आम्ही दोघी रडलो, आणि मालक मशीनचं बटण बंद करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पंचवीस

डॉक्टरबाई फोनवर एवढ्या संतापल्या की मालकांनी मोबाईल कानापासून लांब धरला. "बाई म्हणजे दूध आहे का? हृदय बंद पडलं असतं तर?" मग शांत झाल्या आणि सांगितलं. माझ्यासाठी पंचविसाच्या आसपास पुष्कळ. हळूहळू उतरायचं, वीस मिनिटं बसायचं, आणि शेजारी माणूस हवंच. बर्फाची तर गरजच नव्हती.

तेव्हापासून आम्ही कूलर थोडा वेळ चालवून बंद करतो. मालकांनी थर्मामीटर आणला, तो टाकीला टांगलाय. पण खरा थर्मामीटर म्हणजे आत्तींचं कोपर. मी उतरायच्या आधी त्या पदर खोचून कोपर बुडवतात, डोळे बारीक करतात आणि सांगतात, "ये." अजून एकदाही चुकल्या नाहीत.

मी हे सगळं फोनवर आण्णांना सांगितलं. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पंचवीस म्हंजे किती गार गं?"

"हात घातला की बरं वाटतं इतकं. दात वाजत नाहीत इतकं."

"मग आपल्या हिरीचं पाणी कसलं हाय?"

 साठ हजार घालून आम्ही तासगावात जे करत होतो, ते कडेगावात जमिनीखाली फुकट होतं, आणि मी वर्षभर डोळे मिटून त्यातच बसत होते.

कासरा

मे महिन्यात आम्ही पहाटे निघालो, ऊन चढायच्या आत. मी पहिल्यांदा विहिरीवरच गेले. वरून वाकून बघितलं. पाणी खाली गेलेलं, पण होतं, तसंच हिरवं.

डॉक्टरबाईंनी विहिरीत उतरायला साफ बंदी घातली होती. पायऱ्या निसरड्या, पाय कधी साथ सोडेल नेम नाही. मला ते पटत होतं. तरी मी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं. आण्णा माझ्या दंडाला धरून म्हणाले, "तुज्यासाठी हीरच वर काडलीय, इकडं ये."

विहिरीच्या काठाला लागून त्यांनी सिमेंटचा हौद बांधून घेतला होता. मोटार सुरू केली की पाणी थेट त्यात. मी साडीसकट बसले. पहिलं पाणी पोटाला लागलं तेव्हा माझ्या तोंडून 'आई गं' निघालं. तोच वास, शेवाळाचा. वीस मिनिटांनी विहिरीच्या पलीकडच्या काठावरच्या बाभळीचं पान न् पान दिसायला लागलं. बोटं मिटली, उघडली. मिटत होती.

"आरू, ये. कॅन बांध."

आता भोपळा कुठला, रिकामा प्लास्टिकचा कॅन पाठीला. सत्तरीचे आण्णा बंडी काढून खाली पाण्यात उतरले, आणि मी काठावर पाय रोवून बसले. कासऱ्याचं एक टोक लेकीच्या कमरेला, दुसरं माझ्या मनगटाला वेढा देऊन मुठीत. माझ्या हातातून कपसुद्धा सुटायचा, आणि आता त्या हातात पोर होती. भीती कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. मिरजेत कळलं होतं ते काहीच नव्हे.

थोड्या वेळानं सहज मागं बघितलं तर मालक माझ्या पाठीशी बसलेले. कासऱ्याचं शेपूट त्यांच्या मुठीत गुंडाळलेलं.

"तुमी कवापासनं धरलाय?"

"पयल्यापासनं."

"माझ्यावर भरवसा न्हाई व्हय?"

"तुज्यावर हाय. वायरीवर न्हाई."

राग आला आणि हसूही आलं. मी कासरा सोडला नाही. त्यांनीही सोडला नाही.

पाच दिवस तेच. सकाळी हौदात वीस मिनिटं, मग कासरा. तिसऱ्या दिवशी कॅन निघाला. चौथ्या दिवशी आरू तीन हात पवून आण्णांच्या गळ्यात पडली. रोज ती वर यायची ती ओलीगच्च, थेट माझ्या मांडीवर. तिच्या केसांतून विहीर गळायची माझ्या अंगावर. मी तिला घट्ट धरून बसायची. ती म्हणायची, "आई, सोड की, भूक लागलीय." मी आणखी थोडा वेळ धरायची. मला त्या पाण्यात जायचं होतं. आजही आहे. ही तहान हौदानं भागली नाही, आणि भागली असं मी इथं लिहिणार नाही.

पाचव्या दिवशी आरू विहिरीच्या मध्यावर होती. आण्णा बाजूला झाले. ती पाय मारत होती, माझी बोटं कासऱ्याभोवती आवळलेली, मनगट दुखत होतं. खालून तिचा आवाज घुमत वर आला.

"आई! सोड!"

मी मागं बघितलं. मालकांनी आधीच मूठ उघडली होती. आता फक्त माझा हात होता. वर्षभर माझ्या हातातून वस्तू सुटत होत्या, मला न विचारता. मी मनगटाचा वेढा काढला, एकेक बोट उघडलं आणि कासरा सोडला.

तो सरसर पायऱ्यांवरून खाली गेला. आरू त्याला मागं ओढत पलीकडच्या काठाला लागली आणि दगडाला धरून ओरडली, "बघितलंस?"

बघितलं. डावा डोळा, उजवा डोळा, दोन्हींनी बघितलं.